पांढरं छप्पर

...आणि निळी! तुम्हाला सांगतो, निळी सुपारी पाहिलीय का कुणी जन्मात? मी पाहिली. लॅपटॉपवर! झाडावर सुपारी हिरवी असते, पिकली की नारिंगी होते, वाळली की तपकिरी, एवढं आमच्या दिवेआगरात शेंबडं पोर सांगेल. पण माझी पुतणी आश्लेषा, पुण्याला कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, सध्या घरून काम करते म्हणून आमच्या माडीवर तळ ठोकून बसलेली, ती मला काय म्हणते? "काका, थीमचा कलर निळा आहे ना, मग आयकॉन निळाच!" अगं तुझ्या थीमचा असेल! झाडाला विचारलंस?

आणि मागायचं काय होतं हो आम्हाला? छप्पर. एक साधं छप्पर!

नाही, तुम्ही हसू नका, आधी ऐका. वादळात आमच्या वाड्या आडव्या झाल्या, ते तुम्ही टीव्हीवर बघितलंत आणि चॅनल बदललंत. आम्ही रोपं लावली. पोरासारखी वाढवली. आता कुठे घड धरलेत, आता कुठे अंगणात नारिंगी सुपारी पसरलीय, तर हा अवकाळी पाऊस! सुपारी महिना-दीड महिना उन्हात वाळावी लागते, मध्ये भिजली की बुरशी, बुरशी आली की काळी, काळी झाली की व्यापारी अशी दोन बोटांत धरतो, जसं काही मी त्याच्या हातात मेलेली पाल ठेवलीय. म्हणून वर पारदर्शक पत्र्याचं छप्पर हवं. ऊन आत, पाऊस बाहेर. आमच्या बागायतदार संघाचं सामाईक. संपलं! एका वाक्याचं काम. पण एका वाक्यात काम झालं तर सरकार कसलं? वरून निरोप, "योजनेसाठी गावांनी प्रेझेंटेशन सादर करावे." मी संघाचा सेक्रेटरी. आलं माझ्या गळ्यात.

मी आपलं शुद्ध मराठीत लिहून काढलं, आश्लेषाच्या हाती दिलं. तिने वाचलं, आणि मला अशा नजरेने बघितलं, जसं काही मी तिला मोडी लिपीतला शिलालेख दिलाय. "काका, एवढी अक्षरं? अक्षरं कोण वाचतं? आयकॉन टाकायचे. आयकॉन बोलतात." म्हटलं बोलू देत बापडे. तर तिने माझी सगळी वाक्यं पुसली! सगळी! आणि त्या जागी चित्रं शोधायला लागली. सुपारीचं झाड, तर नाही! जगातल्या यच्चयावत वस्तूंचं चित्र आहे, उडती तबकडी आहे, हसणारी दाढ आहे, सुपारी नाही! मिळालं काय? माड. तोही वाकडा, खाली एक गोरा माणूस खुर्चीत पसरलेला. म्हटलं, अगं हा नारळ, सुपारी सरळ जाते. तर ती शांतपणे, "साहेबांना काय कळतंय?" मग फळ शोधलं, तर दोन्ही हातांत कसलंसं फळ धरून खारुताई आली. खार! जी माझी सुपारी पळवते, तीच माझ्या प्रेझेंटेशनात! शेवटी एक गोल घेतला, त्याला सुपारी म्हणायचं ठरवलं आणि रंगवला. निळा.

बरं, रंग बदलणं म्हणजे तरी काय? मी हौसेने म्हटलं, दे, मी करतो. छपराच्या चित्रावर टिचकी मारली, रंग निवडला, तर पत्रा, खांब, भिंत, सगळंच्या सगळं हिरवं! होळीच्या रंगात बुडवून काढल्यासारखं. "काका, आधी त्याचे तुकडे करायचे असतात." म्हटलं, छप्पर उभं राहायच्या आधीच तुकडे? तिने ते परत निळं केलं.

मागायचं काय होतं? छप्पर. एक साधं छप्पर!

आणि खरी गंमत तर पुढेच आहे. प्रेझेंटेशन संघाच्या बैठकीत दाखवलं. आता तुम्ही शहरातले, तुम्हाला चित्र म्हणजे चित्र वाटतं. आमच्याकडे नुकती ग्रामपंचायतीची निवडणूक होऊन गेलेली! आमच्याकडे चित्र म्हणजे निशाणी! पहिलीच स्लाइड, पावसापासून संरक्षण म्हणून आश्लेषाने छत्री टाकलेली. दयाराम ताडकन उभा. हा शिट्टी पॅनलमधून पडलेला, अजून तोंडातून शिट्टी गेली नाही. "दादा, ह्ये न्हाय चालायचं! छत्री कोनाची निशानी हाय, ठाव हाय ना?" ठाव कसं नसेल! समोरच अनुसूयावहिनी बसलेल्या, छत्रीवर निवडून आलेल्या, पदर सारखा करत म्हणतात, "असू दे ना, दयारामभाऊ. लोकांना आवडलीय छत्री. मतं मोजलीत की." झालं! छत्री काढली. पुढच्या स्लाइडवर वादळाचा इशारा, तिथे शिट्टी. आता वहिनी उभ्या! शिट्टी काढली. शेवटी धन्यवादाच्या स्लाइडवर कपबशी, तर आमचे अध्यक्ष शिवदासराव डोळे मिटून म्हणतात, "ती राहू दे. चहाला कुणाचा विरोध नसतो." नसणारच! कपबशीवर त्यांचा मेहुणा उभा होता! भांडणाशिवाय वाचला तो फक्त 'कल्पना' म्हणून टाकलेला विजेचा दिवा. त्या दिव्यावर जो उभा होता त्याला घरच्यांनीही मत दिलं नव्हतं.

राहिलं काय? छप्पर! छपरावर कुणाचा हक्क नव्हता, कारण छपरावर कुणी उभंच राहिलं नव्हतं. मला हायसं वाटलं. तोवर दयाराम म्हणतो, "छप्पर ठीक हाय. पन निळं? निळी पत्रकं छत्रीवाल्यांची व्हती." बरं, हिरवं करा. "हिरवी शिट्टीवाल्यांची!" या वहिनी. नारिंगी? सगळे शिवदासरावांकडे बघायला लागले. मी हात जोडले हो, अक्षरशः हात जोडले, म्हटलं, अरे मी कुणाच्याच पॅनलात नाही, माझी सुपारी अंगणात काळी पडतेय, वर आभाळ भरतंय, आणि तुम्ही पत्र्याची जात काढताय? तेव्हा शिवदासरावांनी निवाडा दिला, "पांढरं करा. पांढरं कुणाचंच नाही." टाळ्या! आश्लेषाच्या स्लाइडची पाटी, म्हणजे मागचा रंग, होता गडद, काळसर, त्यावर पांढरं छप्पर असं काही उठून दिसलं, की दयारामसुद्धा म्हणाला, "झ्याक."

मग बोर्ली पंचतनला हॉलमध्ये सादरीकरण. जिल्ह्याचे साहेब आलेले. दारातच त्यांच्या माणसाने पेनड्राइव्ह घेतला, "सगळ्यांची पाटी एकसारखी पाहिजे, साहेबांना गडद चालत नाही," म्हणाला, आणि कसलंसं बटण दाबून आमची पाटी करून टाकली... कुठली? सांगा ना! पांढरी! कपबशी जशीच्या तशी, सुपारी निळीशार. आणि छप्पर? पांढऱ्यावर पांढरं! आम्ही पहिल्या रांगेत बसलो होतो, आम्हाला काय पत्ता? पडदा उजळला तेव्हा कळलं. वर ढग, ढगातून धारा, खाली सुपारी, आणि मध्ये... काही नाही. मोकळं.

शिवदासरावांना आश्लेषाने शिकवून ठेवलेलं, "जास्त बोलायचं नाही. स्लाइडकडे हात करा आणि थांबा. पॉज घ्या." एरवी पंगतीला बसा म्हणायलासुद्धा हा माणूस भाषण करतो, पण त्या दिवशी शिकवलेलं लक्षात राहिलं! हात केला. "साहेब, आमच्या गावाला हवंय ते... हे!" आणि पॉज. साहेब बघतायत मोकळ्या जागेकडे. चष्मा पुसून बघतायत. मग एकदम प्रसन्न होऊन म्हणाले, "वा! सुपारीवर थेट पाऊस! निसर्गाच्या सान्निध्यात! फार बोलकं चित्र आहे." मला राहवेना. मी उठून ओरडलो, "छप्पर, साहेब! छप्पर!" तर साहेबांनी मान वर केली, हॉलचं आढं न्याहाळलं आणि शेजारच्याला म्हणाले, "गळतंय का हो कुठे?" तोवर घंटा वाजली. पुढचं गाव!

पहिला नंबर कुणाचा आला असेल? ज्यांची चित्रं गोल गोल फिरत होती त्यांचा! आणि त्यांनी मागितलं काय होतं? स्वागताची कमान. आम्हाला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र, आणि साहेबांच्या हस्ते, अवकाळीचे दिवस म्हणून, एक भेटवस्तू. लांबट पुडकं होतं. घरी येऊन सोडलं तर... छत्री. तीही निळी!

काल सकाळी पाऊस आलाच. मी आणि आश्लेषा धावलो, ताडपत्री ओढली, ती पुरली नाही, एका कडेची सुपारी उघडी राहिली. इतक्या वर्षांनी आलेलं पहिलं पीक हो! रडायलाच आलं मला, खोटं कशाला सांगू? मिळेल ते उचललं आणि त्या सुपारीवर धरून बसलो उकिडवा. पाठ भिजतेय, सुपारी कोरडी. एवढ्यात रस्त्यावरून दयाराम, स्कूटर थांबवून, "काय दादा, शेवटी छत्री धरलीत म्हनायची! आन् बैठकीत सांगत व्हतात मी कोनाच्यात न्हाय!" दुपारपर्यंत गावभर झालं, आणि संध्याकाळी अनुसूयावहिनींकडून वाटीभर शिरा आला, "पॅनलमध्ये स्वागत" म्हणून.

खाल्ला शिरा. मागायचं काय होतं? छप्पर. एक साधं छप्पर. मिळालं की! दांडा तेवढा माझा मला धरावा लागतो.