पडद्यावर देव आला तेव्हा

क्लेटनच्या हॉस्पिटलात नवऱ्याच्या, पॅट्रिकच्या रिपोर्टची वाट बघत बसलेल्या हेझलच्या कानावर शेजारून तिच्या लहानपणीचं मराठी पडलं, आणि हातातलं मासिक उघडं ते उघडंच राहिलं. शेजारच्या बाईचा नवरा धापा टाकत आला होता.

"मयूरा, तुझे अप्पा बोलले काही?"

"सांगते, आधी बस. सकाळीही तेच. ऑपरेशन झाल्यापासून चार दिवस नुसते छताकडे बघतायत. नर्सने नाव विचारलं, गाव विचारलं, तोंडातून शब्द नाही."

"मग हसतेस काय?"

"ऐक ना. मी फोनवर त्यांचा तो जुना तेलुगू सिनेमा लावला, कृष्णाचा. कृष्ण दिसला आणि अप्पांचा हात पायाकडे गेला. नर्सला वाटलं, पाय दुखतोय."

"दुखत होता?"

"नाही रे, मोजे काढत होते. आमच्या सोलापूरच्या तेलुगू वस्तीत पडद्यावर देव आला की अख्खं थिएटर चपला काढायचं."

"अगं, म्हणजे ओळखलं त्यांनी."

"मोजे काढून झाल्यावर नर्सच्या पायांकडे बघून मला तेलुगूत म्हणाले, 'हिलाही सांग, बूट काढ म्हणावं.'"

"मग? सांगितलंस?"

"सांगितलं. नो वरीज म्हणाली, आणि काढले."