परळ फुटला

निवडणूक लागली, तशा शिरूरच्या पोलीस ठाण्यात परवान्याच्या बंदुका जमा व्हायला लागल्या. हरवलेल्या मोबाईलची तक्रार द्यायला आलेली अनिता बाकावर बसली होती. शेजारी म्हातारा-म्हातारी. म्हाताऱ्याच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेली दुनळी बंदूक.

“औंदा कायमचीच देऊन टाकतो, सोजरा.”

“अवं, आज्याची वस्तू ती!”

“माणूस धड दिसंना मला. उडता परळ कुठनं दिसायचा?”

“गेल्या दिवाळीला दिसला की. कुंभाराकडनं मातीच्या परळांची, त्या पसरट ताटल्यांची, पाटी आणली, नदीकाठाला एकेक वर फेकला मी. पाच उडवलं तुम्ही.”

“ऊन कसं पिवळं होतं तवा. परळ वर जायचा आन् तिथंच थांबल्यावानी वाटायचा.”

“आन् दोन्ही नळ्यांचा धूर पाण्यावर तरंगत जायचा.”

“मग तू वरडायचीस, फुटला!”

“फुटायचाच की.”

“सोजरा, परळ फुटला की खापऱ्या पडल्याल्या ऐकू येत्यात. कान शाबूत हायेत माझं. त्या दिशी नुसतं पाण्यात डुबुक व्हायचं.”

म्हातारीनं गोधडीचं सुटलेलं टोक बंदुकीखाली खोचलं.

“मग तवाच का न्हाई बोललात?”

“तू टाळ्या पिटून नाचायचीस. लगीन झालं त्या साली नाचायचीस, तशीच.”

“काय तरीच तुमचं.”

तेवढ्यात हवालदारानं हाक मारली, “हौसराव आबा, या. निवडणुकीपुरती जमा करायची, का कायमची?”

म्हाताऱ्याच्या आधी म्हातारीच उठली.

“निवडणुकीपुरती, साहेब. दिवाळीला लागंल आम्हाला.”