म्हसोबाचा नवा राखणदार

चहा येईपर्यंत आमच्या आबांची, म्हणजे आजोबांची, गंमत सांगतो.

कुरवंड्याला आमच्या रानाच्या कडेला म्हसोबाचा शेंदूर लावलेला दगड आहे. कुणा पर्यटकाने मोबाईलच्या नकाशात त्या जागेला 'सेल्फी पॉइंट' असं नाव देऊन टाकलं, आणि लोक बूट घालून थेट देवावरच बसायला लागले. आबा रोज बांधावरून ओरडायचे. पण ऐकतंय कोण!

शेवटी मीच नकाशात नाव बदललं, 'म्हसोबा देवस्थान' केलं. खाली लिहिलं, 'चपला लांब काढाव्यात.'

पुढच्या रविवारी आबा सवयीने बांधावर पहाऱ्याला उभे होते. पुण्याची एक मुलगी दगडापुढे अनवाणी हात जोडून उभी. तिने वळून पाहिलं आणि आबांनाच झापलं, "ओ काका, चपला काढा आधी! देवस्थान आहे हे. नकाशात स्पष्ट लिहिलंय!"

आबांनी मुकाट्याने वहाणा काढल्या.

मी घाबरत विचारलं, "आबा, राग आला का?"

"राग कसला रं? म्हसोबाला माझ्यापरीस खमका राखणदार मिळाला. चल, मी घरी जाऊन झोपतो."