कौसल्याची पट्टी आणि सड्यावरची रेंज

मंडळी, एक विचारू? माणूस माणसाला जोडलेला राहतो, तो कशानं? — "मोबाईलनं!" बघा, मागून लगेच उत्तर आलं! आणि उत्तर देणाऱ्यानं मान काही मोबाईलमधून वर काढली नाही. असू द्या. आख्यान ऐका.

कौसल्या नावाची एक बाई, शिवणकाम करणारी. जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. डोळे हेच तिचे कान! आणि ऑपरेशन निघालं ते नेमकं डोळ्यांचं! चार वाजता ऑपरेशन, मग दोन दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी. बाई सही करीना! का? कुणालाच कळेना. तिच्या खुणा समजणारी एकच, खुणांची दुभाषी नीलाक्षी. आणि ती कुठं? एसटीत, मांडीवर लॅपटॉप घेऊन, कुठल्या कुठं लांब!

डॉक्टरांचा फोन आला, "ताई, लगेच व्हिडिओवर या!" — आणि घाट लागला. रेंज गेली! नीलाक्षी हुशार हो. फोनमध्ये दोन सिम, डोंगलमध्ये तिसरं. पण तिन्ही एकाच कंपनीची! एक गेलं, तिन्ही गेली. हसू नका, तुमच्या घरीही तेच आहे!

कंडक्टर म्हणाला, "ताई, वर सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, वडाखाली रेंज येते. सगळा गाव तिथंच बसतो." नीलाक्षी उतरली. वडाखाली आठ माणसं, जो तो आपल्या फोनमध्ये. तिनं पारावर लॅपटॉप ठेवला. खुणा करायला दोन्ही हात मोकळे हवेत ना! नेट आलं... आणि लॅपटॉप म्हणतो, थांब, आधी माझं अपडेट! अरे, आत्ता? तिनं ते बंद केलं. कौसल्या दिसली — आणि चित्र गोठलं! हात अर्ध्यावर! तुम्ही-आम्ही 'हॅलो, हॅलो' तरी करतो. हिचा हातच दिसेना, तर ही बोलणार कशी?

नीलाक्षी रडकुंडीला आली. सगळी हकीकत सांगून म्हणाली, "इथलं नेट सगळ्यांत वाटलं जातंय, थोडा वेळ आपापलं बंद कराल का?"

तिथं सत्यभामा बसली होती. मुलगा मस्कतला, आठवड्यातून एकदा दिसायचा. आत्ता समोर हसत होता! तिनं त्याला सांगितलं, "ठेव रे बाबा," आणि बाकीच्यांकडे वळली. "माझो झील माका फुडल्या आठवड्यात दिसतलो. तिका आज दिसाक व्हया! बंद करा सगळ्यांनी!"

आठ फोन बंद झाले, मंडळी! आणि चित्र हललं. कौसल्याचे हात विचारत होते, "पट्टी बांधल्यावर माझ्याशी कोण बोलणार?"

सुरीला ती भ्यायलीच नव्हती हो! एकटं पडायला भ्यायली होती. नीलाक्षीनं नर्सला सांगितलं, "सिस्टर, तिला अक्षरं येतात. तिच्या तळहातावर बोटानं लिहा — मी आहे." सिस्टरनं लिहिलं. कौसल्यानं डोळे मिटून घेतले, हात पुढं केला, पुन्हा लिही म्हणून! सिस्टरनं पुन्हा लिहिलं. कौसल्या हसली आणि तिनं पेन मागितलं.

ऑपरेशन छान झालं. लॅपटॉपला मी नावं ठेवणार नाही, त्यानं आपलं काम केलं. पण त्या आठांनी आपापला फोन बंद केला नसता, तर? आता तुम्ही सांगा, तुमच्या घरात कोण गप्प बसलंय? त्याची भीती काय, कधी विचारलीत? घरी जाल तेव्हा विचाराच. आत्ता मात्र शेजारच्याचा हात हातात घ्या. घ्या हो, लाजू नका! ओळख नसली तरी घ्या! घेतलात? आता हात न सोडता हरीचं नाव घ्या!