टर्बोची गाडी आणि माझा गृहप्रवेश

अगं, माझा गृहप्रवेश गाडीपायी अडला होता. लग्न लागलं आणि तळेगावहून पिपरी मेघेला निघालो, तर गाडी हेच चालवत होते. मी वाटभर रडले. दारात सासूबाई ओवाळायला उभ्या.

"उतरा ना! गाडी काऊन चालू ठेवली?"

"आई, टर्बोची गाडी आहे. लांबून आल्यावर एकदम बंद करता येत नाई, मिनिटभर इंजिन थंड होऊ द्या लागते."

एवढं सांगून यांनी काच वर केली. इंजिन हळू घुमत होतं. बाहेरची माणसं, दिवे, सगळं पाण्यात पाहिल्यासारखं हलत होतं. माझा श्वास हळूहळू जागेवर आला.

यांनी गाडी बंद केली. "उतरायचं का?"

"अजून थोडं बसू द्या ना मले."

यांनी गाडी परत चालू केली.