एका मापाची झुडपं

वेल्टा : ...हे कोणी केलं, एवढंच विचारतेय मी. बकरी सुटली होती का बागेत?

एल्मार्स : आई, आधी त्या बाकावर बस. कुबडी रुततेय चिखलात.

वेल्टा : रुतू दे. बावीस झुडपं काळ्या करंटच्या बेरीची, आणि बावीसच्या बावीस गुडघ्याइतकी! पलटणीतल्या पोरांची हजामत केल्यासारखी!

एल्मार्स : तूच म्हणालीस ना, बर्फ गेलं की छाटायला ये म्हणून? आलो. सकाळपासून वाकून वाकून कंबर मोडली माझी.

वेल्टा : छाट म्हणाले होते. भादर नव्हते म्हणाले.

एल्मार्स : फुटतील गं पुन्हा. उन्हाळा येऊ दे.

वेल्टा : इकडे ये. ही फांदी बघ. रंग सांग.

एल्मार्स : आई, प्लीज.

वेल्टा : रंग!

एल्मार्स : काळी. जुनी आहे.

वेल्टा : आणि वर काय होतं, जे तू उडवलंस?

एल्मार्स : कोवळी फांदी. गेल्या सालची.

वेल्टा : फळ कशावर धरतं?

एल्मार्स : ...गेल्या सालच्यावर.

वेल्टा : म्हणजे ठाऊक आहे! सात वर्षांचा होतास, बाबांनी हातात कात्री दिली तेव्हा. म्हातारी काळी फांदी बुडापासून काढायची, कोवळीला हात लावायचा नाही. तू नेमकं उलटं केलंस. सुनेनं केलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. ती शहरातली. पण तुला येतं.

एल्मार्स : चुकलं. झालं समाधान? चुकलं माझं!

वेल्टा : चुकतं ते एखाद्या झुडपाला. ओळीनं बावीस झुडपांना एकसारखं नाही चुकत कोणाचं. ही छाटणी फळासाठी नाही, एल्मार्स. बघणाऱ्यासाठी आहे. कोण येणार आहे बघायला?

एल्मार्स : कोण येणार? कोणी नाही.

वेल्टा : काड्या कुठे आहेत?

एल्मार्स : जाळल्या.

वेल्टा : सगळ्या? चहात उकळायला मूठभर जुड्यासुद्धा बांधल्या नाहीस? शेजारची झेन्टा परवापासून टोपली घेऊन बसलीय त्या काड्यांसाठी. एवढी कसली रे घाई? विहिरीचं झाकण रंगवलंस. माझी मोडकी खुर्ची पायरीवरून उचलून कोठारात टाकलीस. मी खिडकीतून बघत होते आणि वेड्यासारखी खूश होत होते, की पोराला घराची माया आली. कोण येणार आहे?

एल्मार्स : ...शनिवारी येतायत. रीगा शहरातलं एक जोडपं आहे. दोन लहान मुलं आहेत त्यांना. चांगली माणसं आहेत गं.

वेल्टा : चांगली आहेत! म्हणजे बोलणीसुद्धा झाली.

एल्मार्स : नुसतं घर बघायला येतायत. एजंट म्हणाला, बाग फार दाटलेली दिसते, फोटोत जरा नीटनेटकी दिसू दे.

वेल्टा : आणि फोटोत मी कुठे आहे? का मलाही खुर्चीबरोबर कोठारात टाकणार?

एल्मार्स : तू आमच्याकडे येणार. तुझ्या सुनेनं, सार्मितेनं, तुझ्या खोलीला पडदे शिवलेत.

वेल्टा : चौथ्या मजल्यावर! तिथे काय छाटू मी, पडदे?

एल्मार्स : सगळ्याची थट्टा करू नकोस.

वेल्टा : थट्टा तू मांडलीस माझी. तीन सालांपूर्वी नोटरीसमोर घर तुझ्या नावावर केलं. बाहेर पायऱ्यांवर माझा हात धरून काय म्हणाला होतास? म्हण आता.

एल्मार्स : तू आहेस तोवर घर तुझंच.

वेल्टा : मेले का मी?

एल्मार्स : मेली असतीस! जानेवारीत मेली असतीस! लाकडं आणायला गेलीस, कोठाराच्या दाराशी पडलीस, खुब्याचं हाड मोडून तीन तास बर्फात! झेन्टाच्या कुत्र्यानं भुंकून भुंकून माणसं गोळा केली. कुत्र्यानं! आणि मी एकशे चाळीस किलोमीटरवर मीटिंगमध्ये बसलो होतो. तेव्हापासून फोन वाजला की हातातलं काम टाकून धावतो मी. तुला काही सांगायला गेलं की तू विषय बदलतेस आणि जॅमची बरणी हातात देतेस!

वेल्टा : म्हणून चोरून विकायचं?

एल्मार्स : हो, चोरून! तोंडावर सांगायची भीती वाटते तुझी! पन्नाशी उलटली तरी वाटते!

(दोघंही धापा टाकत उभी राहिली. म्हातारीला रडू फुटत होतं, पण ते पोरासमोर फुटू द्यायला ती तयार नव्हती. तिनं कुबडी चिखलातून ओढून काढली आणि बाकावर जाऊन बसली.)

वेल्टा : ती कात्री घे. लांब दांड्याची.

एल्मार्स : कशाला?

वेल्टा : काप. सगळी. पार जमिनीलगत.

एल्मार्स : अगं, काही उरणारच नाही मग!

वेल्टा : आत्ता तरी काय उरलंय? या खुंटांवर नुसती काटकुळी फूट येईल. बुडापासून कापलं तर मुळातून दमदार फांद्या येतात.

एल्मार्स : आणि शनिवारी त्या लोकांना काय दाखवू? उघडी माती?

वेल्टा : तू नको दाखवूस. मी दाखवीन, इथेच बसून. सांगेन, यंदा काही मिळायचं नाही. पुढच्या उन्हाळ्यात मूठभर. बादल्या भरतील त्या त्याच्या पुढच्या साली. तोवर म्हातारी कुठे जात नाही.

एल्मार्स : तेव्हा तू ब्याऐंशीची असशील, आई.

वेल्टा : मोजता येतं मला.

एल्मार्स : आणि पुन्हा पडलीस तर?

वेल्टा : पडेन कदाचित. माझ्या बागेत पडेन.

एल्मार्स : मी काहीही कबूल केलेलं नाही, सांगून ठेवतो.

वेल्टा : मीसुद्धा नाही. वाक. अजून खाली. अजून... हं, तिथे.