उजवा हात खांद्याच्या वर न जाणेबाबत

विषय : उजवा हात खांद्याच्या वर न जाणेबाबत. संदर्भ : लेकीचा फोन, त्यात तिने विचारलेला "बाबा, तुम्ही दोघं ठणठणीत आहात ना?" हा प्रश्न, आणि मी तत्परतेने दिलेलं "अगदी!" हे उत्तर.

आता तुम्ही म्हणाल, निवृत्त झाला तरी याची टिपणी काही सुटत नाही. अहो, जन्मभर दुसऱ्यांचे विषय मांडले, एकदा स्वतःचा मांडला तर बिघडलं कुठे? आणि मुळात लोकांची गैरसमजूत अशी की मला दुखतंय. साफ चूक! तुम्हाला सांगतो, दुखत नाही... फक्त वर जात नाही. आमच्या कार्यालयात फाइल कशी, तळमजल्यावर या टेबलावरून त्या टेबलावर हुंदडायची, पण साहेबांच्या मजल्याकडे निघाली की जिन्यातच बसकण मारायची, तसा हा हात. कमरेजवळ काहीही सांगा, करतो. छातीपर्यंत कुरकुरत येतो. त्याच्या वर म्हटलं की कोणीतरी सांध्यात तापलेला दाभण खुपसतं. पण ते वर नेलं तर! नेलंच नाही तर दुखतं का? नाही दुखत!

शर्ट घालायचा म्हणजे आधी आजारी हात बाहीत सोडायचा आणि मग उरलेल्या शर्टाची पाठीमागून मनधरणी करायची. केस विंचरायचे तर कंगवा डोक्याकडे जात नाही, डोकं कंगव्याकडे न्यावं लागतं. परवा आरशात बघितलं, तर मी स्वतःच्याच हाताला नमस्कार करत होतो.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा आहे नातू. वय विचाराल तर दात दोन, आवाज मात्र पूर्ण वाढलेल्या माणसाचा. लेकीची रजा संपत आलेली, आणि तिने पोराचं नाव पाळणाघरात घालून ठेवलेलं. मी म्हटलं, "आम्ही दोघं जिवंत असताना पाळणाघर? दिवसभर आमच्याकडे ठेव!" झाला माझा अर्ज. ती म्हणाली, "रविवारी येते, बघते." बघते! या 'बघते'चा अर्थ मला सांगता? मी त्या खुर्चीत बसलेला माणूस आहे!

आणि लेक साधीसुधी नाही हो. एका मोठ्या कारखान्यात यंत्रांची तपासणी करते. तिच्या सहीशिवाय तिथली एकही क्रेन वजन उचलत नाही. एकदा एका क्रेनचा नुसता आवाज ऐकून म्हणाली, "बंद करा." मालक गयावया करत होता, व्यवस्थापक गयावया करत होता, ही आपली डबा खात बसली. अशा बाईपुढे मला रविवारी वजन उचलून दाखवायचं होतं, आणि वजन म्हणजे तिचं पोर!

हिला सांगायची सोय नव्हती. ही म्हणजे आमची सौभाग्यवती. पोटात काही ठेवत नाही. लेकीला फोन लावला की सुरुवात भाजीने आणि शेवट माझ्या तब्येतीने. म्हणून ठरवलं, गुपचूप, घरच्या घरी, नैसर्गिक उपायांनी हात वर आणायचा.

नैसर्गिक उपाय! अहो, तुम्ही एकदा चारचौघांत नुसता खांदा चोळून बघा. माणसं कुठून कुठून उगवतात! केस कापायला गेलो, तर न्हावी म्हणाला, "काका, शीर आहे शीर, एक झटका देतो, मोकळी!" आणि मी 'नको' म्हणायच्या आत दिला. मोकळं काय झालं? माझं तोंड! दुकानातली सगळी गिऱ्हाइकं उठून उभी राहिली. वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर जिन्यात भेटले. "व्यायाम नाही, दुसरं काय! दाराच्या चौकटीला लटकत जा." म्हटलं, मास्तर, चौकटीपर्यंत हात पोचत असता तर तुमच्याशी बोलत कशाला थांबलो असतो? मेहुणा फोनवरून : "भावजी, बर्फ." त्याची बायको मागून : "बर्फ काय बर्फ! शेक म्हणावं, शेक!" मग त्या दोघांचंच जुंपलं, मी फोन हळूच ठेवून दिला. आणि प्रत्येकाला मी तेच सांगतोय, की दुखत नाही हो... फक्त वर जात नाही!

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. हिला सांगितलं, वाचनालयात जातो. त्यांनी हात इकडे फिरवला, तिकडे फिरवला, मी छताकडे बघून आमच्या जुन्या साहेबांची नावं क्रमाने आठवली. म्हणाले, "खांदा आखडलाय. घाबरू नका, पण लाडही करू नका. गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचं, टेबलाला धरून वाकायचं आणि हात घड्याळाच्या लंबकासारखा सैल सोडून हलवायचा, आणि भिंतीवर बोटांनी चढायचं, मुंगीसारखं, जमेल तेवढंच. त्या कुशीवर झोपू नका. झटके नकोत, जड उचलणं नको."

"रविवारपर्यंत होईल?"

"कुठल्या वर्षीच्या?"



तर भिंत. घरात मोकळी भिंत एकच, झोपायच्या खोलीत दारामागे. दार लोटलं की आपण आणि भिंत. पहिल्या दिवशी बोटं टेकवली, चढायला लागलो, तर बोटांसमोर पेन्सिलीची रेघ. शेजारी माझं अक्षर : 'बालवाडी'. तिच्या वर 'पहिली'. त्याच्या वर 'दुसरी'... अहो, लेकीची उंची! दरवर्षी शाळा सुरू झाली की तिला इथे पाठ टेकवून उभी करायचो, डोक्यावर पट्टी धरायची, रेघ मारायची. टाचा उचलायची लबाड, आणि वर म्हणायची, "बाबा, नीट मोजा!" पार दहावीपर्यंत. रंगाऱ्याला दोनदा दारामागे ब्रश लावू दिला नव्हता मी.

मग काय, चढलो. बालवाडी सहज पार. पहिलीला घाम. दुसरीच्या रेघेला बोट लागलं आणि दाभण असा आत गेला की मी दाराची मूठ चावायचा बाकी होतो. बाहेरून ही : "अहो, काय करताय आत?"

"काही नाही! कपाट आवरतोय!"

"कपाट इकडे बाहेर आहे."

"...मनातल्या मनात आवरतोय!"

आणि याच आठवड्यात घरात एक विचित्र प्रकार सुरू झाला. शेकायची पिशवी मी गुपचूप काढायला जावं, तर ती आधीच कोमट! तेलात लसूण तळून वाटी फळीमागे लपवलेली, ती दुसऱ्या दिवशी अर्धी! चोर म्हणावा, तर लसणाच्या तेलावर डोळा ठेवणारा चोर कुठला? घरात माणसं दोन. त्यातला एक मी. मी वापरलं असतं तर मला कळलं असतं. आणि हिचं एक नवीनच सुरू झालेलं. "अहो, एवढं झाकण उघडा हो, माझे हात ओले आहेत." आठवडाभर हात ओले! आणि मी तिला : "वरचा डबा तूच काढ, मला चष्म्याशिवाय दिसत नाही." चष्मा नाकावर! दोघं एकमेकांकडे संशयाने बघतोय, पण विचारत कोणीच नाही. कारण विचारलं तर सांगावं लागेल ना!

रविवार उजाडला. सकाळपासून मी शेकतोय, लंबक हलवतोय, हात गरम, बाकीचा मी गार. घंटी वाजली. दारात लेक, काखेत नातू. मला बघून ते दोन दात असे चमकले, आणि पोराने दोन्ही हात पुढे केले हो... माझ्याकडे! तुम्ही सांगा, काय करायचं अशा वेळी?

मी म्हटलं, "आधी आजीकडे! मान आजीचा!"

ही दोन पावलं मागे. "छे छे, आजोबांकडेच! केव्हाची वाट बघताहेत."

"नाही नाही, तूच घे."

"तुम्हीच घ्या हो!"

पोर मधल्या मधे, हात पसरून. एकदा इकडे, एकदा तिकडे. आणि लेक? क्रेनचा आवाज ऐकते ना, तशी ऐकत उभी.

"बरं," ती म्हणाली. पोराला सतरंजीवर खेळायला सोडलं, स्वयंपाकघरात गेली, आणि तांदळाची पिशवी घेऊन आली. पोराच्या दुपट्यात व्यवस्थित गुंडाळली आणि सोफ्यावर निजवली. "पोराच्याच वजनाची आहे. बाबा, हे रडतंय असं समजा. उचला, आणि त्या कठड्याच्या उंच पलंगावर ठेवा."

"अगं, तांदूळ कुठे रडतात का?"

"उचला."

उचललं. कमरेपर्यंत झकास. छातीशी घेतलं, तेही जमलं, मी मनात म्हटलं, जिंकलो! आणि पलंगाचा कठडा ओलांडायला हात जरा वर नेला... दाभण! हात तिथेच थिजला. खाली येईना, वर जाईना. पिशवी निसटायला लागली. ही किंचाळली, "अहो, धरा, धरा!" आणि धावत येऊन तिने खालून उजवा हात घातला, तो लगेच "आई गं!" करून मागे घेतला. अंगठा! हिचा अंगठा मनगटापासून सुजून बोंडासारखा झालेला, आणि पदरात लपवलेला! तेल कोण संपवत होतं, ते मला त्या क्षणी कळलं. पिशवी पडली, फाटली. तांदूळ खोलीभर.

 तिघंही खाली बघतोय. तांदूळच ते. पण दुपटं मात्र पोराचं, निळ्या काठाचं, रिकामं, जमिनीवर. मी मान वर करू शकलो नाही. मान तर धडधाकट होती माझी. आणि ते पोर टाळ्या वाजवतंय. त्याला वाटलं, आजोबांनी आपल्यासाठीच गंमत केली.

लेक वळली. झाडू आणायला झोपायच्या खोलीत गेली. झाडू दारामागे असतो. बराच वेळ आली नाही. मी जाऊन बघतो, तर ती भिंतीसमोर उभी. तिच्या बालवाडीच्या रेघेपासून वर, पहिली, दुसरी, तेलकट बोटांचे डाग. एकावर एक, एकावर एक. दुसरीच्या रेघेजवळ तर बोटांनी भिंत पार काळी केलेली.

"बाबा, हे काय?"

"व्यायाम."

"कुठपर्यंत आलात?"

"दुसरी," मी म्हटलं. "तिसरीचा प्रयत्न चालू आहे."

तिने त्या डागांवरून बोट फिरवलं. मग तिथेच टाचा उचलून उभी राहिली, लहानपणी राहायची तशी, आणि म्हणाली, "दुखतं असं सांगता नाही येत?"

"दुखत नाही गं," मी म्हटलं. "फक्त..."

"वर जात नाही. दिसलं मला."

मग आमची सुनावणी झाली. मी आणि ही, सोफ्यावर शेजारी शेजारी, ती समोर. मी म्हटलं, "बसून मांडीवर घेईन, उचलायचं कामच नको!" ही म्हणाली, "मी डाव्या हाताने घेईन." लेक म्हणाली, "आणि तो धावायला लागला की? आईचा अंगठा आणि बाबांचा खांदा मिळून एक धड हात होत नाही." मी मनात हिशेब केला, खरंच होत नव्हता. निकाल असा : पोर तूर्त पाळणाघरात. आईने अंगठ्याला पट्टी बांधायची, कपडे पिळायचे नाहीत, झाकणं मी उघडायची. आणि बाबांनी भिंत चढायची. दहावीच्या रेघेला बोट लागलं की वजन पुन्हा लावून बघू, तेव्हा अर्जाचा विचार.

या वयात दहावी! आता ही रोज शेकायची पिशवी घेऊन दारात उभी असते आणि विचारते, "काय, आज कितवी?" हेडमास्तर तर जिन्यात भेटले की प्रगतीच विचारतात. रविवारी नातू येतो, मी भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसतो, लेक त्याला मांडीवर ठेवते, आणि पलंगाच्या कठड्यापलीकडून तिचे दोन डोळे माझ्या उजव्या हातावर नजर ठेवून असतात. तो माझा कान ओढतो. मी ओढू देतो. सोडवायला हात तिथपर्यंत जातो कुठे?

सद्यःस्थिती : चौथी झाली, पाचवी झाली, सहावीही रखडत झाली. सातवीत मी दुसऱ्यांदा बसलोय. अर्ज लेकीच्या विचाराधीन आहे.